मागच्या चाकाची हवा

वजन चोरणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. दवाखान्यात काट्यावर चढायच्या आधी चपला काढतात, पिशवी सोबतच्या बाईकडे देतात आणि चढल्यावर श्वास रोखून धरतात, जसं काही श्वासच दोन किलोचा आहे. मी त्यांना हसत आले. आणि सत्तरीला टेकल्यावर मी स्वतः वजन चोरलं. डॉक्टरपुढे नाही, विहिणीपुढे नाही. एका सायकलीपुढे.

नात सायकलीच्या चाकाशी उकिडवी बसली होती. हातात हवा मोजायचं गेज. मान वर न करता तिने विचारलं, "आजी, वजन किती हाय तुझं?"

"पंचावन्न."

"खरं?"

"जन्मभर मास्तरकी केली मी. खोटं बोलीन का?"

ती पुन्हा गेजकडे वळली. जन्मभर मास्तरकी केलेल्या बाईला उलट प्रश्न विचारायचा नसतो, हे तिला मीच शिकवलं होतं. त्या पंचावन्नापायी माझी सायकल माझ्या हातून जाता जाता राहिली. कशी, ते सांगते. पण त्याआधी एका तरुण मास्तरणीची ओळख करून द्यावी लागेल, कारण सगळ्या भानगडीचं मूळ ती आहे.

ही मास्तरीण परभणीत राहायची आणि पिंगळीच्या पुढे एका खेड्यात शिकवायला जायची. सकाळच्या गाडीने पिंगळीला उतरायचं, स्टेशनाजवळच्या चहावाल्याकडे ठेवलेली सायकल काढायची आणि शाळा गाठायची. शनिवारी सायकलीवरूनच घरी यायचं आणि सोमवारी तिच्यावरूनच जायचं. सायकल लेडीज, हिरवी, पुढे जाळीची टोपली. पदराला पिन, डोळ्यांवर काळा चष्मा आणि मान अशी ताठ, की तिला वाटायचं वाटेतल्या म्हशीसुद्धा आपल्याला बघून बाजूला होतात. म्हशी जागच्या हलत नसत. वळसा तीच घालायची. पण हे तिच्या लक्षात यायला तिचं वय फार लहान होतं.

हवेच्या बाबतीत तिचं स्वतःचं शास्त्र होतं. चाक अंगठ्याने दाबायचं. अंगठा आत गेला तर हवा कमी. अंगठा दुखला तर हवा बरोबर. दर सोमवारी ती पदर खोचून पंपावर अशी तुटून पडायची, की आमचे हे ओट्यावरून वर्तमानपत्र बाजूला करून विचारायचे, "अगं, हवा भरायलीस का सूड उगवायलीस?" हे ऑफिसात कारकून होते. बोलायचे थोडं, पण नेमकं लागेल तिथे बोलायचे. मास्तरीण पंप खाली ठेवायची, लेकाला उचलून कॅरिअरवर बसवायची आणि चाकावर टिचकी मारून सांगायची, "बघ बाळा, चाक कसं दगडावाणी पाहिजे." मग लेकरू दर खड्ड्याला वीतभर उडायचं, आणि उडता उडता तो धडा पाठ करायचं. ह्या लेकराकडे लक्ष असू द्या. ते पुढे येणार आहे.

एका एप्रिलमध्ये शाळेची तपासणी होती. साहेब वर्गात बसले होते आणि मास्तरीण फळ्यावर हवेचे गुणधर्म शिकवत होती. उष्णतेने हवा प्रसरण पावते, हे वाक्य तिने पोरांकडून म्हणून घेतलं. भिंतीला टेकवलेली तिची सायकल सकाळपासून उन्हात होती. पोरांनी दुसऱ्यांदा वाक्य म्हटलं आणि बाहेर धडाम! साहेबांच्या हातातला चहा साहेबांच्या मांडीवर. पोरं टाळ्या पिटायला लागली, त्यांना वाटलं बाईंनी प्रयोग करून दाखवला. मास्तरणीने तो समज तसाच राहू दिला. घरी येऊन मात्र सांगितलं, "ट्यूबच हलकी निघाली." एवढं होऊनही शास्त्र बदललं नाही. नव्या ट्यूबवर पुन्हा तोच सूड.

निवृत्तीनंतर आम्ही झरीला राहायला आलो. इथे आमचं थोडं शेत आहे, ह्यांनी हौसेने घेतलेलं. बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलेलं असतं, त्यामुळे मला तिथे काम असं काही नाही. विहिरीच्या कडेला बसायचं, शेवग्याच्या झाडाखाली फिरायचं, कापसाच्या ओळीतून उगीच हात फिरवत जायचं. हे गेल्यावर तर ती माझी सवयच झाली. पण गुडघे बोलायला लागले. शेताकडे जाणाऱ्या पाणंदीने तेवढं चालणं होईना. मग लेकाच्या मोटरसायकलवर जायचं, म्हणजे त्याला सुट्टी असेल तेव्हा, म्हणजे रविवारी, म्हणजे तोही मोकळा असला तर. तिथे गेल्यावर मी झाडाखाली टेकते न टेकते तोच तो गाडीजवळून हाक मारायचा, "चल आई, ऊन व्हायलंय." ऊन तर काय, होणारच. मराठवाड्यात दुसरं काय होणार?

डॉक्टरांनी सांगितलं, सायकल चालवा, गुडघ्यांना बरं. त्यांना घरात एका जागी उभी असते ती सायकल म्हणायची होती. मी वाक्य अर्धंच ऐकलं आणि उठले.

घरात सायकल होती. नात कॉलेजात असताना दगडाधोंड्यांच्या वाटांवर सायकलच्या शर्यती खेळायची. पुण्याला नोकरी लागली, तिने नवी घेतली आणि जुनी गोठ्यात उभी राहिली. दांडा तिरका, त्यामुळे पाय टाकणं सोपं. टायर जाडजूड आणि कारल्यासारखे खडबडीत. आत ट्यूब नाही. ट्यूबच्या जागी थोडं पांढरं औषध ओतलेलं असतं, दुधासारखं. काटा घुसला की ते दूध भोकात जाऊन बसतं आणि भोक बुजतं. आमच्या पाणंदीत सराटे आणि बाभळीचे काटे असे पडलेले असतात, की हे दूध ज्याने शोधलं तो नक्की आमच्याकडचाच असावा.

नातीने माझ्यासाठी सीट खाली केली, डबा आणि पाण्याची बाटली ठेवायला मागे कॅरिअर लावलं, दांड्याला हातपंप अडकवला, हवा भरली आणि पुण्याला जाताना बजावलं, "आजी, हवेला हात लावू नको. मी मापून भरलीय."

ती बसमध्ये बसली आणि मी चाकाला अंगठा लावला.

अंगठा आत गेला! चांगला आत गेला, जसा चुलीवरच्या पहिल्या भाकरीत जातो. माझ्या मनात आलं, पोरगी शिकली खरी, पण हवा भरायला कुणी शिकवलं नाही तिला. मी पंप काढला. इतकी वर्षं झोपलेली ती मास्तरीण अंगात आली, आणि अंगठा दुखेस्तोवर आम्ही दोघींनी हवा भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलवार-कमीज घालून मी निघाले. (मास्तरणीने मला त्या वेषात पाहिलं असतं तर ओळख दाखवली नसती.) डांबरी रस्त्यावर सायकल भुर्र. पाणंद लागली आणि तिचं घोडं झालं. एकेका दगडावरून ती टप्पा खायला लागली. हँडल एकीकडे, मी एकीकडे, आणि तोंडातली कवळी तिसरीकडे. ओढ्यात उतरताना पुढचं चाक एका गोट्यावरून उडालं, आणि मी वाळूत बसले. लागलं काही नाही. पण काठावर एक बाई शेळ्या चारत होती. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली, आणि बातमीत मी तीन कोलांट्या खाल्ल्या होत्या.

लेक संध्याकाळी ऑफिसातून आला. आता तो चांगला पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ आहे, आवाज बापासारखा हळू. "आई, आजच्याला सोडलं. आता एकदा जरी पडलीस ना, सायकल इकली म्हणून समज."

"अरे, पण—"

"इकली म्हणून समज."

मला पडायची भीती नव्हती. मला ओट्यावर बसून रविवारची वाट बघायची भीती होती. त्यामुळे मी सायकल गोठ्यात ठेवली आणि ओट्यावर बसून दिवाळीची वाट बघत राहिले, कारण नात दिवाळीला येणार होती.

ती आली. चाकाला तिने अंगठा लावला नाही, गेज लावलं आणि कपाळाला हात लावला. "आजी! ही काय ट्रॅक्टरची हवा हाय का? टायर रिममधून उडाला असता."

मग अंगणात शिकवणी सुरू झाली. मास्तर नात, विद्यार्थी मी. कडक चाक दगडावर आपटतं आणि उडतं, त्याला जमीन धरताच येत नाही. मऊ चाक दगडाला बिलगतं आणि वरून निघून जातं. पण फार मऊ केलं तर दगड टायर दाबून थेट रिमला लागतो, किंवा वळताना टायरची कड रिमपासून सुटते आणि हवा फुस्स करून निघून जाते. म्हणजे हवा इतकी कमी, की चाकाने वाट धरावी, आणि इतकी जास्त, की दगड रिमपर्यंत पोचू नये. त्यातही मागे आपलं वजन जास्त पडतं, म्हणून मागे जरा जास्त, पुढे जरा कमी.

"मग आकडा सांग ना एक," मी म्हणाले.

"आकडा ज्याचा त्याचा असतो आजी. बसणाऱ्याचं वजन किती, त्यावर असतंय. सुरुवातीला एक धरायचा, वाटेनं जाऊन बघायचं, थोडी सोडायची, पुन्हा जायचं. रिम वाजली की थोडी वाढवायची."

आणि तिथेच तिने तो प्रश्न विचारला, आणि तिथेच मी "पंचावन्न" म्हणाले. खरं तर पंचावन्न हे वजन माझं होतं. त्या हिरव्या सायकलीवर होतं. मी फक्त ते वापरत राहिले, जसा कुणी रेशनकार्डावरचा जुना फोटो वापरतो.

तिने त्या मापाने हवा ठेवली, गेजवर पुढे एकोणीस, मागे बावीस. आणि सांगते, त्या सकाळी पाणंदीने जाताना मला कळलं, की इतकी वर्षं मी सायकल चालवत नव्हते, मी सायकलशी भांडत होते. चाकं दगडांवरून अशी गेली, जशी मांजर भांड्यांमधून जाते. कवळी जागच्या जागी. मी शेतात मनसोक्त बसले. कुणी हाक मारली नाही. ऊन झालं आणि मी त्याला होऊ दिलं.

आता येताना. शेतातून रिकाम्या हाताने यायचं नसतं. हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, आणि कुणी मोडतही नाही. निदान मूठभर अंबाडी, दोन वाळकं, चार काटक्या सरपण, काहीतरी हातात पाहिजे. रिकामं आलेल्या माणसाला वाटेत तिघं विचारतात, बरं हाय ना सगळं? त्यामुळे कॅरिअरवर मी चवळीच्या शेंगांची पिशवी बांधली, तिच्यावर अंबाडी, आणि अंबाडीवर शेवग्याच्या शेंगा. हे काही वजन म्हणून मोजायचं असतं, असं माझ्या मनातही आलं नाही. ते तर शेतातून आलेलं होतं.

परतताना मागून आवाज आला. टण्! मी म्हटलं, डब्याचं झाकण असेल. पुन्हा टण्! मी म्हटलं, बाटली असेल. डबा आणि बाटली दोन्ही त्या दिवशी घरीच राहिले होते, हे मला ठाऊक होतं. पण माणूस स्वतःला समजवायला बसला की कुठलंही झाकण चालतं. वळणावर मागचं चाक जरा डुलायचं, खूप जेवलेल्या पाहुण्यासारखं. मी नातीला काही बोलले नाही. बोलले असते तर तिने आकडा पुन्हा मागितला असता.

तिची सुट्टी संपत आली होती तेव्हा तो भोपळा पिकला. लाल, भला थोरला, बांधाच्या वेलावर. त्याला दुसऱ्या कुणाच्या नजरेस पडू देणं शक्यच नव्हतं. मी त्याला चवळीच्या पिशवीसकट कॅरिअरवर असा आवळला जसा कुणी नवरदेवाला घोड्यावर बसवतं. ओढ्यापर्यंत आम्ही दोघं नीट आलो. ओढ्यात उतरताना मागून टण्ण झालं, नेहमीपेक्षा मोठं. मी घाबरून हँडल वळवलं, आणि चाकाने एक फुस्स केलं, लांब, वैतागलेलं. बघते तर रिमच्या कडेतून पांढरं दूध उडालेलं, माझ्या सलवारीवर, भोपळ्यावर, वाळूवर.

मी पडले नाही. हे इथे नीट नोंदवून ठेवते. मी उतरले. घाईने उतरले, पण उतरले.

काठाकडे बघितलं. शेळ्यांवाली बाई नव्हती. हातपंप काढला आणि मास्तरणीला म्हटलं, ये बाई, एवढंच तुला येतं. दोघींनी मिळून हवा भरली, चाक उभं राहिलं, आणि मी सायकल हातात धरून, भोपळ्यासकट, घर गाठलं. भोपळा तिथेच ठेवून आले असते तर चाकाला सोपं गेलं असतं. पण मग रिकाम्या हाताने आले असते.

नात दारातच होती. तिने आधी माझ्या सलवारीवरचे पांढरे डाग बघितले, मग मागचं चाक उचलून फिरवलं. रिमची कड एका जागी चेपलेली होती.

"आजी."

"दगड लय मोठा व्हता बाई."

"आजी, पंचावन्न किलोला बावीस हवेवर रिम अशी चेपत न्हाई. आणि हा भोपळा कुणाचा?"

"शेतातला."

"रोज आणतीस?"

"रोज भोपळा कुठून येतो? रोज शेंगा असतात."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मला माझीच आठवण आली. गृहपाठ न केलेल्या पोराकडे मी तशी बघायचे. म्हणाली, "पप्पाला सांगू, का आडतीवर चालतीस?"

आडतीवर म्हणजे सोयाबीनची पोती जिथे मोजतात त्या दुकानावर. घरात वजनकाटा नाही. मी मुकाट्याने चालायला लागले. मागून ती सायकल घेऊन, भोपळा तसाच बांधलेला.

दिवाळीचे दिवस, आडतीवर ही गर्दी. दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला, "जय भीम बाई, सोयाबीन आणलं का?"

"न्हाई," नात म्हणाली, "आजीच आणलीय. वजन करायचंय."

काट्यावर माप घेणारा हमाल माझा जुना विद्यार्थी. आता त्याच्या स्वतःच्या मिशा पांढऱ्या झाल्यात. त्याने काट्यावरचं पोतं ओढून जागा केली, गमछ्याने काटा पुसला आणि म्हणाला, "या बाई. पाय मधोमध ठेवा." मी चपला काढायला लागले. नातीने दंड धरला. "चपलीसकट. चपला घालूनच सायकल चालवतीस ना?"

मी चढले. श्वास रोखला. काही उपयोग झाला नाही.

"अडुसष्ट!" हमाल एवढ्या मोठ्याने ओरडला की पलीकडच्या चहाच्या गाड्यावरच्या माणसांनी माना वळवल्या.

"अरे हळू की मेल्या!"

"तुमीच शिकवलंय बाई, आकडा मोठ्यानं वाचायचा."

दुकानदार गल्ल्यावरून खाली वाकून म्हणाला, "ओलावा बघू का बाईचा? वाळवण झालं की दोन-तीन किलो कमी भरंल." सोयाबीनच्या पोत्याला जो प्रश्न विचारतात तोच मला विचारला, आणि सगळी आडत हसली. मीसुद्धा हसले, दुसरं काय करणार? मग नातीने भोपळा माझ्या हातात दिला, चवळीची पिशवी खांद्यावर अडकवली आणि काटा पुन्हा वाचायला लावला.

"चौऱ्याऐंशी!"

"अजून दादांपेक्षा कमीच हाय," हमालाने माझी समजूत काढली. दादा म्हणजे माझा लेक. "परवा सोयाबीन द्यायला आले व्हते तवा गमतीनं चढले काट्यावर. ब्याण्णव. मला म्हणले, घरी सांगू नको."

घरी परत येताना नात एकच वाक्य बोलली. "म्हणजे मी पंचावन्नाची हवा भरली, आणि तू चौऱ्याऐंशी घेऊन ओढ्यात उतरलीस." रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसत होती.

आडतीवर झालेली गोष्ट आडतीवर राहत नाही. संध्याकाळी लेक आला तेव्हा त्याला माझं वजन, भोपळ्याचं वजन आणि फुस्स, सगळं ठाऊक होतं. त्याने बूट काढले, पाणी प्यायला, आणि गोठ्यात जाऊन चेपलेल्या रिमवरून बोट फिरवून आला.

"पडले न्हाई मी," मी म्हणाले. "उतरले."

"उद्या रविवार हाय," तो म्हणाला. "मी गाडीवर मागं येतो. नेहमीसारखं जा, नेहमीसारखं ये. वाटंत पडलीस का उतरलीस, एकच धरीन. परभणीत एकजण सायकल मागायलाय."

गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं! 

नात मात्र शांत. सकाळी लवकर उठवून तिने मला पाणंदीच्या तोंडाशी नेलं. कॅरिअरवर भोपळा. "आता खऱ्या वजनानं बघू." मागे तीस भरली, मला त्या दगडाळ तुकड्यावरून पलीकडे पिटाळलं. चाक जरा उडालं. थोडी सोडली, पुन्हा पिटाळलं. बरं वाटलं. अजून थोडी सोडली, टण् झालं. "ऐकू आलं?" ती म्हणाली. ह्या वेळी मी झाकणाचं नाव घेतलं नाही. थोडी वाढवून अठ्ठावीसवर थांबलो, पुढे तेवीस. मग भोपळा उतरवून त्याच हवेवर गेले तर मागचं चाक पुन्हा टप्पे खायला लागलं.

नात विचारात पडली. "जाताना हलकी, येताना जड. एक हवा दोन्हीला कशी चालंल? आजी, शेतातून रिकामी येत जा ना."

"ते जमणार न्हाई."

"मग?"

तेव्हा मला सुचलं. बिचाऱ्या मास्तरणीला आयुष्यात पहिल्यांदाच योग्य जागी योग्य काम मिळणार होतं. "जाताना पंचवीसवर जाते," मी म्हणाले. "शेतात माल बांधला की तिथं पंप मारते. मापून. अंगठ्यानं न्हाई." नातीने गेज माझ्या हातात ठेवलं. हेडमास्तरांनी शाळेच्या किल्ल्या द्याव्यात तसं वाटलं.

निघालो. पुढे मी, मागे लेकाची मोटरसायकल फट-फट करत. जाताना काहीच झालं नाही. शेतात तो गाडीला टेकून उभा राहिला. आज हाक मारली नाही. बांधावर अजून एक भोपळा राहिला होता, कालच्यापेक्षा थोडा लहान. मी वेलाजवळ गेले तेव्हा तो म्हणाला, "आई, आज तरी राहू दे."

"नेहमीसारखं ये म्हणालास ना?"

 मी भोपळा बांधला, शेंगा बांधल्या, अंबाडी खोचली. मग गेज लावलं, पंप लावला, हवा भरली, पुन्हा गेज लावलं. अठ्ठावीस. तो सगळं बघत होता, लहानपणी ओट्यावरून बघायचा तसा. फक्त ह्या वेळी मी चाकावर टिचकी मारली नाही.

ओढा आला. ब्रेकवर दोन बोटं, नजर दगडांकडे नाही तर दगडांमधल्या वाटेकडे, नातीने सांगितलं होतं तशी. पुढचं चाक गोट्याला बिलगलं, वरून गेलं. मागचं भोपळा घेऊन त्याच्यामागे. मी कान टवकारून बसले होते. टण् नाही. फुस्स नाही. वाळू, पाणी, चिखलाची कड, आणि मी पलीकडच्या काठावर. उतरले नाही. सीटवर बसूनच एक पाय टेकवला आणि मागे वळून बघितलं.

ओढ्याच्या मधोमध मोटरसायकल आडवी होता होता वाचली होती. मागचं चाक गोट्यांवरून सटकलं होतं, इंजिन बंद पडलं होतं, आणि माझा लेक एका पायावर उभा होता. दुसरा पाय घोट्याच्या वर काळ्या चिखलात. ऑफिसचा बूट होता बिचाऱ्याचा.

मी सायकल लावली आणि खाली गेले. त्याच्या मागच्या चाकाला अंगठा लावून बघितला. आता जुन्या खोडी इतक्या लवकर जातात थोड्याच. अंगठा दुखला. चाक दगड झालं होतं.

"किती भरलीस रे?"

"पंक्चरवाल्याला म्हणलं, घट्ट भर," तो चिखलातून पाय ओढत म्हणाला. "तूच शिकवलंस की."

 आम्ही दोघांनी गाडी ढकलून काठावर आणली. त्याने बूट काढून त्यातलं पाणी ओतलं, मोजा पिळला, आणि माझ्या सायकलीच्या मागच्या चाकाकडे बघितलं. भोपळा वर तसाच, जरासुद्धा हललेला नव्हता.

मी विचारलं, "मग, कधी इकायलास सायकल?"

तो इकडे तिकडे बघून, काठावर शेळ्यांवाली बाई नाही याची खात्री करून, हळू आवाजात म्हणाला, "ते मंग बघू. आधी माझ्या गाडीची हवा नीट कर. आन् माझं वजन... पंचाहत्तर धर."